सोमवारची पहिली ओळ

माझं पोट पहिल्या ओळीवर चालतं. नोकरीधंद्यातली माणसं जिथं एकमेकांना आपली थोरवी सांगतात, त्या साइटवर पुण्यातल्या एका साहेबांच्या नावानं मी पोस्ट लिहितो. तिथं आधी एकच ओळ दिसते, बाकीचं सगळं 'आणखी वाचा'च्या मागे. त्या ओळीवर बोट थांबलं नाही, तर खाली काय लिहिलंय ते कुत्रंही विचारत नाही.

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात बसून मी पोस्टमधून साहेबांना दोनदा नापास केलं, एकदा नोकरीवरून काढलं. सगळं खोटं. एका सोमवारी काहीच सुचेना, तेव्हा मी आईला वापरलं. 'माझी आई वाघाच्या जंगलातून मोहफुलं वेचून आणायची, त्यावर मी शिकलो.' ओळ तुफान चालली. दर सोमवारी असंच हवं, साहेब म्हणाले.

मग मी जेवताना आईला विचारायला लागलो. तेव्हा काय झालं, पुढं काय झालं. बाबा गेल्यापासून आमचं बोलणं 'जेवला का' आणि 'हो' एवढंच उरलं होतं. ती खुलली. हे सोमवारच्या कामात लागतं, एवढंच मी तिला सांगितलेलं. पण ती शेजारच्या काकूंना सांगून आली, पोरगा आता बसून बोलतो म्हणून. मला लाज वाटली. विचारणं मात्र थांबवलं नाही.

यंदा मोहाच्या दिवसांत तिच्या गोष्टी संपत आल्या. एका सकाळी मोहफुलं वेचून बाकीच्या बाया परतल्या, आई बऱ्याच वेळानं आली. टोपलीत मूठभर फुलं. नाल्याकडून आले म्हणाली, वाघाचे पंजे पाहिले, ताजे होते. नाल्याकडे जाऊ नका, असं फॉरेस्टवाले आठवडाभर सांगत होते.

"एकटी काऊन गेली तिकडं?"

"तुले सोमवारी लागते ना, बाबू."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. नोकरी सोडू तर घर कशावर चालवू? तिथंच फोन काढला आणि तिच्या गोष्टी साहेबांच्या नावानं जातात, हे तिला खरं सांगितलं. कोटातल्या साहेबांचा फोटो तिनं बराच वेळ पाहिला.

"याची माय जित्ती हाये का?"

आहे म्हटलं, पुण्यातच, त्यांच्याच घरात.

"मंग हा तिले काऊन नाई विचारत?"

त्या दिवसापासून ती नाल्याकडे गेली नाही. जेवताना काही सांगतही नाही. ताट वाढते आणि 'जेवला का' एवढंच विचारते.

रविवारी साहेबांचा मेसेज आला, उद्याची ओळ पाठव. मग लिहिलं, 'तुम्ही तुमच्या आईला शेवटचं कधी काही विचारलंत?'

साहेबांना फार आवडली. म्हणाले, अगदी माझ्या मनातलं लिहिलंस.