काकांनी तोललेलं इंटरनेट

फसल्यावर ओरडणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. फसायच्या आधीपासूनच ओरडत असलेला माणूस मी एकच पाहिला आहे. ते माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि त्या शब्दातही 'हा माल तपासून घ्यायचा राहिला' असा सूर असतो. डहाणूला मसोलीत त्यांचं बैठं घर आहे. सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून झाली. तलासरीच्या आठवडी बाजारात ते दिसले की तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच आपोआप गळून पडे, असं मी अनेकदा ऐकलं आहे, अर्थात त्यांच्याच तोंडून. निवृत्त झाल्यावर सरकारने त्यांच्याकडून शिक्का परत घेतला, स्वभाव घ्यायचा राहिला. गॅसचा सिलिंडर आधी त्यांच्या काट्याला लटके, मगच स्वयंपाकघरात जाई. एका लग्नात जिलबी वाढणाऱ्याला त्यांनी हात धरून थांबवलं आणि शेजारच्या व्याह्यांच्या पानाकडे बोट दाखवलं. प्रश्न जिलबीचा नव्हता, समान मापाचा होता.

अशा माणसाच्या घरात दोन हजार पंधराच्या सुमारास ब्रॉडबँड आला. त्या दिवसांत स्टेशन रोडवर जिकडेतिकडे फलक लागले होते: 'विजेच्या वेगाने इंटरनेट, आठ एमबीपीएसपर्यंत!' ज्या गावात वीजच विजेच्या वेगाने जाते, तिथे ही उपमा कुणाला सुचली कोण जाणे. काकांचा आक्षेप मात्र उपमेला नव्हता, त्या 'पर्यंत'ला होता. "एखादा वाणी म्हणाला असता, साखर एक किलोपर्यंत देतो, तर मी त्याचा तराजू जप्त केला असता. इथे फलक लावून सांगतात, आणि लोक रांगा लावून घेतात!" पुढे त्यांना असंही कळलं, की कंपनी वेग बिटमध्ये सांगते आणि संगणक उतरलेला माल बाइटमध्ये दाखवतो, आठ बिटांचा एक बाइट. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "दुकानात आठ म्हणायचं, घरी आणून पाहिलं की एक, आणि यात कुणाचीच लबाडी नाही म्हणे!" हिशेब बरोबर होता, संतापही बरोबर होता. पंचाईत एवढीच, की त्यांच्याखेरीज कुणाला त्याची लाज वाटत नव्हती.

एकदा ते मला साक्षीदार म्हणून केबलवाल्याच्या दुकानात घेऊन गेले. तो बिचारा अर्धा गुजराती, अर्धा मराठी, आणि काकांपुढे दोन्ही भाषांत घाबरलेला.

"काका, आटलुं तो चाले ने! थोडं कमीजास्त होणारच. तुमची लाइन चिकूच्या वाडीतून येते. वायरला वटवाघळं लटकतात."

"मग बिलालाही लटकव ना. बिल कसं महिन्याच्या महिन्याला पूर्ण येतं?"

"आणि काका, कोटा संपला की स्पीड आपोआप पडतो. कंपनीचा नियमच आहे."

"आम्ही दोन म्हातारी माणसं. रविवारी एकदा मुलीशी बोलतो. कोटा खातं कोण, वटवाघळं?"

घरी येताच त्यांनी शेजाऱ्यांवर संशय घेतला आणि पासवर्ड बदलला. तो इतका लांब ठेवला, की पुढे दोन दिवस ते स्वतःच घराबाहेर राहिल्यासारखे झाले.

हे सगळं मी हसत ऐकत असे. मग एका रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. त्यांची मुलगी कॅनडात असते. मावशींचे कान काही वर्षांपूर्वी तापात गेले. त्या समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचतात. पडद्यावर मुलगी हसली, काहीतरी सांगू लागली, आणि तोंड अर्धवट उघडं असताना चित्र थिजलं. आवाज अधूनमधून येत होता. आम्हाला तो पुरला असता. मावशी त्या थिजलेल्या ओठांकडे बघत होत्या. "काय म्हणाली?" काकांनी सांगितलं, तोवर मुलगी पुढच्या वाक्यावर गेली होती. "आता काय म्हणाली?" मुलीशी साध्या फोनवर बोलणं काकांनी केव्हाच बंद केलं होतं. "मी फोनवर बोलतो तेव्हा ही माझ्या तोंडाकडे बघत बसते," ते मला नंतर म्हणाले, "तिला जे मिळत नाही, ते मी एकट्याने घ्यायचं नाही." आठ एमबीपीएस म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. मावशींना त्यांची मुलगी ऐकू येईल एवढं ते माप होतं.

त्याच रविवारी कोटा खाणारा गुन्हेगारही सापडला. वेग तपासायच्या संकेतस्थळांवर काकांचा विश्वास नव्हता. "दुकानदाराच्याच काट्यावर दुकानदाराचा माल?" म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. मुलीने तिच्या लग्नाची अख्खी फिल्म इंटरनेटवर ठेवली होती. ती फिल्म काका रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ मनगटी घड्याळ लावून उतरवून घेत, वेळ बघत आणि पुसून टाकत. मावशी इंटरनेटच्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, तुम्ही मोजायला बसलात की हे दिवे वेड्यासारखे डोळे मिचकावतात. एरवी गप्प असतात. तुमच्या मोजण्यातच संपत असेल ते."

काका हसले. "अगं, मोजल्याने कुठे संपतं? साखर तोलली की परत पोत्यात जाते."

मग ते एकदम थांबले. माझ्याकडे वळले. "हे परत जात नाही, जावईबापू?"

"नाही काका. उतरवलं की संपलं."

आयुष्यभर दुसऱ्यांची पोती तोललेल्या त्या माणसाने तोलून तोलून स्वतःचंच पोतं रिकामं केलं होतं.

मोजणं बंद झालं. 'पर्यंत'वरचा राग मात्र कायम राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. उलट आता काका बचतीला लागले. आवाजालाही वजन असतं, या तत्त्वावर त्यांनी मुलीला तिकडचा माइक बंद ठेवायला लावला. जो काही वेग येईल तो सगळा चित्राला. मग दर रविवारी अजब दृश्य दिसे. मुलगी नुसते ओठ हलवी, मावशी भरभर उत्तरं देत, हसत, रागावत, आणि धडधाकट कानांचे काका शेजारून विचारत, "काय म्हणाली?" अशी तीन-चार वर्षं गेली.

दोन हजार एकोणीसमध्ये नवी लाइन आली, चिकूच्या वाडीला वळसा घालून. कोट्याची भानगड नव्हती. मी बळेच मुलीला माइक सुरू करायला सांगितलं. "बाबा, ऐकू येतंय का?" ती म्हणाली. काकांनी मान खाली घातली.

"काय झालं?" मावशींनी विचारलं. "काय म्हणाली ती?"

काका त्यांच्याकडे वळले आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "तिचा आवाज तुझ्यावर गेलाय."

मावशी पडद्याकडे वळल्या, मग पुन्हा काकांकडे. "पूर्ण?"

"पूर्ण," काका म्हणाले. घड्याळ त्यांच्या मनगटावरच होतं. त्यांनी ते पाहिलं नाही.