दोन कंपन्या, एक मोटारसायकल

दिनांक ४ फेब्रुवारी २००८. रक्कम आठशे रुपये, डिमांड ड्राफ्टने. पाचशे अनामत, तीनशे महिन्याचे. हजर मी, बायको आणि खाटेवर आई. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे पाय जमिनीला लागता कामा नये, नाहीतर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जन्मभर पहाटेपासून राबलेली बाई. "कावून बांधून ठिवलंय मला?" हे दिवसातून दहादा. सिनेमा चालू असला तरच ती हलत नसे. आमच्या सिरसाळ्यात भाड्यानं मिळायच्या त्या सगळ्या मारामारीच्या सीडी. तिला देवादिकांचे जुने सिनेमे हवेत. म्हणून परळीच्या नेट कॅफेत बसून पुण्याच्या एका कंपनीकडे नाव नोंदवलं. आठवड्याला दोन डीव्हीडी, कुरिअरनं घरपोच.

पहिल्या दोन आल्या आणि दोन दुपारींत संपल्या. पाचव्या दिवशी मी घरापुढच्या दुकानात असताना आईनं खाटेचा गज धरून पाय खाली सोडला. बायकोनं वेळेवर काखेत हात घातला.

"अहो, पिच्चर आणा न्हाईतर दोर आणा," ती मला म्हणाली.

दुसऱ्या कंपनीची जाहिरात होती: इतरांपेक्षा एक दिवस आधी. फोनवरची मुलगी शपथेवर सांगत होती. त्या कंपनीलाही सातशे रुपयांचा ड्राफ्ट पाठवला. आता आठवड्याला चार डीव्हीडी, त्याही वेगवेगळ्या दिवशी, असा माझा हिशेब. मोटारसायकलचा आवाज आला की मी गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर. काटा हलत राही आणि साखर घेणारी बाई ओरडे.

बाजारच्या दिवशी कुरिअरवाला आला. एकाच पिशवीतून पहिल्या कंपनीचं निळं पाकीट काढलं, मग दुसरीचं पिवळं.

"दोन्ही आजच?"

"आजच आलोय ना मी, काका."

"मग एक दिवस आधीचं काय झालं?"

"झालं की. पिवळं परवा आलतं परळीत, निळं काल. पडूनच हायेत. दोन पाकिटांसाठी इतक्या लांब कोण येतंय? बाजारला धा पाकिटं जमतेत, तवा परवडतंय."

म्हणजे कोणतीच कंपनी खोटं बोलत नव्हती. दोघींची शर्यत परळीपर्यंत होती; पुढं हा एकटा. मी पंधराशे रुपये चुकीच्या ठिकाणी भरले होते.

"शनिवारी एक चक्कर मारशील? पिवळं बाजारला आण, निळं शनिवारी."

"पेट्रोल लई महाग हाय, काका."

"किती?"

त्यानं साठ मागितले, मी चाळीस म्हणालो. आतून आईचा आवाज आला, "दे की त्याला, बाबा! तुझी घासाघीस होईस्तोवर मीच जाते परळीला चालत."

तो मोठ्यानं हसला. पन्नासावर ठरलं.

शनिवारी दुपारी अडीचपर्यंत तो आला नाही तेव्हा मी तीनदा रस्त्यावर जाऊन आलो. पावणेतीनला आला. पुढचे दोन्ही शनिवार वेळेवर आला. तिसऱ्या शनिवारच्या सकाळी एक्स-रे काढला, हाड जुळलं होतं. दुपारी तो निळं पाकीट घेऊन आला तेव्हा आई वॉकर धरून दारापर्यंत चालत गेली.

तीन चकरांचे दीडशे रुपये कुरिअरवाल्याला रोख दिले.