खंडेनवमीसाठी उजळलेला दस्ता

माझ्या बारा बोअरला हात लावायची गेटवर कुणाची टाप नव्हती. चाकणच्या ज्या कंपनीत मी गनमॅन होतो, तिथे साध्या गार्डाला काठी आणि शिट्टी. मला मात्र माझ्या नावच्या परवान्याची बंदूक. त्या बंदुकीमुळेच मी मेन गेटवर होतो. साहेबांची गाडी आली की पहिला सलाम माझा. बंदूक काढून घ्या, मग मी कोण? लातूरकडून पोट भरायला आलेला आणखी एक. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि आमच्या सुपरवायझरलाही.

सुपरवायझर म्हणजे माझा गाववाला. पहिली ड्युटी त्यानेच लावून दिली, चिखलीतली खोलीही त्यानेच बघून दिली. माझी बायको दर भाऊबीजेला त्याला ओवाळायची. घरचाच माणूस म्हणा ना.

खंडेनवमीला दहा दिवस होते तेव्हा तो म्हणाला, "भावा, यंदा पूजेत तुझी बंदूक मांडायची. मोठे साहेब येणारेत. पण मागचा लाकडी दस्ता बघ जरा, म्हशीच्या पाठीसारखा झालाय. घरी ने, मस्त पॉलिश कर. तेवढे चार दिवस काठीवर उभा राहा. वर मी सांगून ठेवलंय."

घरी बायको म्हणाली, "अहो, दोन ओळी लिहून घ्या त्यांच्याकडून." मी खेकसलो तिच्यावर. म्हटलं, तुझ्या भावाकडून लिहून घ्यायचं? लाज वाटत नाही?

नळी आणि घोडा ट्रंकेत कुलपात ठेवला आणि सुटा दस्ता घेऊन गॅलरीत बसलो. काचेच्या तुकड्याने जुनं व्हार्निश खरवडायला लागलो, तर खालून लाकूड निघालं पांढरट. मी चाटच पडलो. विकणाऱ्याने तर अक्रोड म्हणून गळ्यात मारला होता! खाली राहणारा म्हातारा सुतार मूळ चिखलीचाच. त्याने दस्ता नाकाशी धरला, नखाने ओरखडला.

"आक्रोड न्हाई ह्ये. बर्च हाय. परदेशातनं मशिनी येत्यात का न्हाई कंपन्यांत, त्येंच्या पेट्यांचं प्लाय ह्याच लाकडाचं. वरनं रंग दिऊन आक्रोड केलाय तुला," तो म्हणाला. "आता सरळ रंग फासू नगं, डाग उठत्याल. आदी चपडीचा पातळ हात दे."

ऐकतोय कोण! फासला मी सरळ रंग. सकाळी बघतो तर अख्ख्या दस्त्यावर वांग उठल्यासारखे काळे डाग. म्हातारा हसला, आणि मी सगळं पुन्हा घासून काढलं. जिथे पोचे होते तिथे ओला फडका ठेवून वरून बायकोची इस्त्री फिरवली. वाफेने लाकूड फुगून वर आलं. मग स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा, म्हणजे त्या चपडीचा, पातळ हात. त्यावर रंग, दोनदा, कापडाने पुसून पुसून. शेवटी जवसाचं तेल, तळहाताने चोळून. प्रत्येक हाताला वाळायला एक दिवस. चार दिवसांचं काम नऊ दिवसांवर गेलं.

रोज मी सुपरवायझरला विचारायचो, "आज जोडून आणू का? थोडा चिकट आहे अजून." तो म्हणायचा, "घाई कसली राव? काम नीट होऊ दे." काय दिलदार माणूस आहे, असं मी घरी येऊन सांगायचो.

खंडेनवमीला पहाटेच आंघोळ करून, बंदूक जोडून पिशवीत घालून निघालो. कंपनीत मशीनना झेंडूच्या माळा घातलेल्या, लाल कापडावर पाने-पक्कडी, हातोड्या ओळीने मांडलेल्या. आणि मधोमध एक बंदूक. हळद-कुंकू वाहिलेली. शेजारी कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये सुपरवायझरचा मेहुणा उभा. त्याच्याकडे परवाना आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मोठे साहेब माझ्यासमोर थांबले. "नऊ दिवस तुम्ही बिनबंदुकीचे गेटवर होतात?"

मी सुपरवायझरकडे बघितलं. तो बोलेल याची मला खात्री होती. बोललाही.

"साहेब, मी याला रोज सांगत होतो, गन घेऊन ये म्हणून. ऐकतच नाही. शेवटी दुसरा माणूस उभा करावा लागला."

रोज! तो एक शब्द मला अजून चावतो. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारा नाही, आमच्या आळीत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. पण त्या दिवशी म्हणणार काय, आणि दाखवणार काय? साहेब मान हलवून पुढे गेले, आरती सुरू झाली. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी पार्किंगमध्ये तो पेढा घेऊन आला. "राग नको मानू भावा. मेहुण्याचं बस्तान बसवायचं होतं, घरातून फार लकडा होता. मागच्या गेटवर भंगार यार्डाकडे काठीची जागा आहे. उद्यापासून तुझं नाव घालतो."

मग त्याने माझ्या बंदुकीची पिशवी स्वतःच उघडली. दस्त्यावरून सावकाश हात फिरवला.

"आयला, काय चकाकी आणलीस रे! आता मेहुण्याच्या बंदुकीलाही असाच हात मार की. चार दिवसांत होईल ना?"

हरामखोरा, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, असं ओठांवर आलं होतं. मूठही वळली होती. पण मुलगी दहावीला होती, आणि त्या मागच्या गेटच्या काठीलासुद्धा त्याचीच सही लागत होती.

"पाच तरी लागतील," मी म्हणालो.