मिंगेलवरचा बहिष्कार

आज वर्तमानपत्रात एक छायाचित्र होते. शत्रूच्या ताब्यातून सुटलेल्या कुठल्याशा गावात लोकांनी एका माणसाला घेरले होते, शत्रूला सामील होता म्हणून. घेरणाऱ्यांचे चेहरे धुतल्यासारखे स्वच्छ दिसत होते. मला आमचा मिंगेल आठवला.

गोवा मुक्त झाला तेव्हा मी नवी सून होते. देवळाच्या मंडपात सभा भरली, अध्यक्ष माझे सासरे. कॉर्नेट वाजवणाऱ्या मिंगेलवर आरोप असा, की पोर्तुगीज साहेब गावात आला की हा त्याच्यापुढे वाजवायचा.

"वाजवायचो, भाऊ," मिंगेल म्हणाला. "तुमचं हार घालणं संपेपर्यंत वाजवावंच लागायचं."

सभेत एकदम खोकल्याची साथ आली. मग घाईघाईने बहिष्कार ठरला. कुणीतरी एक दोषी ठरल्याशिवाय बाकीच्यांना स्वतंत्र झाल्यासारखे वाटत नसावे. विहिरीवर त्याच्या बायकोशी कुणी बोलेना.

थोड्याच दिवसांत माझ्या नणंदेचे लग्न निघाले. वरपक्ष वाजंत्रीसाठी अडून बसला. शेवटी मामंजी मिंगेलच्या दारात गेले.

"बहिष्कार उठला?" त्याने विचारले.

"लग्नापुरता."

तो आला आणि त्याने असे वाजवले की विहीणबाईसुद्धा डोलल्या. तो निघाला तेव्हा मामंजी म्हणाले, "जेवून जा."

"जेवण लग्नात धरायचं की बहिष्कारात?" त्याने अगदी मनापासून विचारले.

मामंजींनी स्वतःच्या हाताने त्याचे पान मांडले आणि शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सासूबाईंनी त्याच्या बायकोला विचारले, "मिंगेलला आमची खीर आवडली का गं?"