दीनाबाईंचा हंड्याचा प्रश्न

भिंगारच्या दीनाबाई उमाप तोंडाच्या फटकळ. त्या ज्या दवाखान्यात नर्स होत्या, तिथे रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती. गोळीला परवानगी मिळण्याआधी पेशंटची बारीकसारीक तक्रारही कळवायची, असा नवा नियम आला, तेव्हा बाकीच्या सिस्टरांनी कपाळाला हात लावला. दीनाबाई म्हणाल्या, "उशिरा का होईना, शहाणपण सुचलं!"

पण पाथर्डीहून चाचणीसाठी येणाऱ्या कौसाबाईंचं दर खेपेला एकच उत्तर, "बरं हाय." फुकट औषध देणाऱ्या डॉक्टरांपुढे रडगाणं कसं गायचं?

शेवटी दीनाबाईंनी विचारलं, "घरी पाण्याचा हंडा कोण आणतं?"

"आता सून आनती. उठलं की गरगरतं मला. पन लिवू नका, डागदरला वाईट वाटंल."

"वाटू दे! उद्या ही गोळी लाखो बाया खातील. त्यांनी काय तुमच्या भिडेपायी चक्कर येऊन पडायचं?"

दीनाबाईंनी तक्रार लिहून घेतली आणि डॉक्टरांनी कौसाबाईंची गोळी थांबवली. पुढच्या खेपेला त्या आल्या त्या तरातरा चालत. "गरगरनं गेलं. हंडा मीच आनते. पन सिस्टर, मागल्या टायमाला तुमचा चहा लई पानचट हुता."

दीनाबाईंनी चष्मा लावला आणि तेही लिहून घेतलं.