पहिल्या सोमवारची खुशाली

११ ऑक्टोबर १९९८, रविवार. माझे वडील सकाळच्या भरतीला बाळकुमच्या बंदरावरून होडी घेऊन खाडीत गेले आणि परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी होडी कांदळवनात अडकलेली सापडली. वल्ही होडीतच होती. माणूस नव्हता. मला हे बासष्ट दिवसांनी कळले. मधल्या काळात त्यांची खुशाली मला दोनदा मिळाली.

मी बाळकुम सोडले ते फेब्रुवारी १९९७ मध्ये. ठाण्यातल्या एका दैनिकात सात वर्षे उपसंपादक होतो. सिंगापूरच्या एका वृत्तसंस्थेत डेस्कवर जागा मिळाली. बाबा विमानतळावर आले नाहीत. नाक्यावर त्यांनी बॅग रिक्षात ठेवली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "हळू ने रं. पोरगा परदेशी चाललाय, खड्ड्यात घालू नको." मला म्हणाले, "पोचलास का कलव." आई दारातच थांबली होती. कोळ्याच्या घरात खाडीवर जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत. तिने तोच नियम मला लावला. मी वळून पाहिले तेव्हा ती तोंडावर पदर धरून उभी होती.

आमच्या गावातले माझ्यासारखे जे बाहेर गेले, कोणी मस्कतला, कोणी नुसते डोंबिवलीला, त्यांना हा प्रश्न ठाऊक आहे: घरच्यांची खुशाली कळायची कशी? आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या सुमनकाकूंकडे होता. परदेशचा फोन महाग, आणि काकूंच्या बाहेरच्या खोलीत चारचौघांसमोर बाबांना बोलता येत नसे. "हां. हां. बरा हाय. ठेव आता," एवढेच ते बोलत. त्यांना वाचता येत असे, पण लिहिण्याचा सराव तुटलेला. बाळकुमच्या एका कंपनीत चोवीस वर्षे पगारावर सही केली, तेवढेच त्यांचे लेखन. कंपनी बंद पडली आणि ते पुन्हा होडीवर आले.

सिंगापूरच्या बँकेने मला क्रेडिट कार्ड दिले तेव्हा एक पुरवणी कार्ड घरच्या माणसाच्या नावे मिळत होते. मी ते बाबांच्या नावे घेतले आणि टपालाने घरी पाठवले. दुखण्याखुपण्याला हाताशी असावे, एवढाच हेतू. कार्डावर त्यांचे नाव उठावाच्या अक्षरांत होते. आई सांगते, बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दारावर पाटी नाय लागली, खिशात लागली." मागच्या पांढऱ्या पट्टीवर त्यांनी सही केली. त्यांच्या सहीखाली नेहमी एक लांब रेघ असे, शेवटी होडीच्या नाळेसारखी, पुढच्या टोकासारखी, वर गेलेली. पट्टी अरुंद होती. रेघ मावली नाही.

खुशालीची युक्ती त्यांचीच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते ठाणे स्टेशनजवळच्या एका तयार कपड्यांच्या दुकानात जात आणि कार्डावर काहीतरी घेत. मला त्यांनी काकूंच्या फोनवर सांगितले, "मना खुशाली लिवता येत नाय. सही येते. तुज्या बिलात माझी सही आली का समज, मी बरा हाय. फोनवर पैसं कला घालवाचं?"

दुकानाच्या शेठने पुढे मला तो पहिला सोमवार सांगितला. बाबांनी रुमालाची एक जोडी घेतली आणि कार्ड काढले.

"काका, रुमालाला कार्ड? हे मशीन काय गंमत म्हणून ठेवलंय?"

"शेठ, रुमाल तुमच्याकडंच ठेवा. मी पोराला तार करतोय."

शेठ हसला आणि त्याने मशीनचा दांडा ओढला. कार्डावरची अक्षरे पावतीच्या कार्बनवर उमटली. पुढे अट अशी ठरली की निदान डझनभर रुमाल घ्यायचे.

सुरुवातीला बिल टपालाने येई. बाबांची ओळ वाचेपर्यंत तीन आठवडे उलटलेले असत. १९९८ मध्ये बँकेने कार्डाचा हिशेब इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. घरी संगणक नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर पाहत असे. मोडेम किंचाळे, पान वरून खाली सावकाश उतरे. तारीख, दुकानाचे नाव, गाव. शेठ पावत्या उशिरा भरायचा, म्हणून ओळ बहुधा गुरुवारी उमटे. बाबा बरे आहेत, हे मला तीन दिवसांनी कळायचे. तीन दिवस जुनी बातमी आम्ही डेस्कवर ताजी मानली नसती. घरच्या बाबतीत मला ती चालत होती.

जुलैत एकदा ओळ आली नाही. मी शनिवारपर्यंत थांबलो आणि काकूंकडे फोन लावला. बाबा आले ते हसतच. "मशीन मोडलाय शेठचा. मी नाय मोडलो." मागून आईचा आवाज आला, "असला अभद्र बोलू नका."

दिवाळीला मी फोन केला. आई आली. बाबा कुठे आहेत विचारले. ती म्हणाली, "खाडीत गेलेत." सण कसा झाला विचारले. "झाला," म्हणाली. माझ्या जेवणाची चौकशी करून तिने फोन ठेवला. ते संभाषण मी त्याच दिवशी डायरीत टिपले होते. तिचे एकही वाक्य खोटे नव्हते.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी ओळ आली. तारीख दोन, दुकान तेच, गाव ठाणे. डिसेंबरमध्येही आली. तारीख सात.

१२ डिसेंबरला माझ्या चुलतभावाचा, सुनीलचा, ऑफिसात फोन आला. तो डोंबिवलीला राहतो, ठाण्यात नोकरी करतो.

"अरे, तू विधीला कधी येतोयस? भावकी विचारतेय."

"कसला विधी?"

तो म्हणाला, "तुला माहीत नाही? अरे, काका जाऊन दोन महिने झाले रे. मला वाटलं तुला रजा मिळत नाहीये, म्हणून मी गप्प बसलेलो."

मी म्हणालो, बाबांनी सोमवारी ठाण्यात खरेदी केली आहे. माझ्यासमोर पडद्यावर आहे.

सुनील म्हणाला, "कोणी?"

१४ तारखेला मी बाळकुमला पोचलो. बावीस महिन्यांत नाक्याच्या पलीकडची भातशेती गेली होती आणि तिथे तीन इमारतींचे सांगाडे उभे होते. आमची गल्ली तशीच होती. आईने दार उघडले. कपाळावर कुंकू होते, हातात हिरव्या बांगड्या. तिने मला पाणी दिले आणि कोणी काही विचारण्याआधी ट्रंक उघडली. आत रुमाल होते. डझनाचे एकेक पाकीट, न फोडलेले, महिन्यांच्या क्रमाने लावलेले. सगळ्यात वरची दोन नवीन होती.

"ही दोन मी आणली," आई म्हणाली.

आईला लिहिता येत नाही. बाबांचे नाव तिने लग्नातल्या उखाण्यानंतर उच्चारलेले नाही. रेशनच्या रांगेत नाव विचारले तर ती मागच्या बाईला सांगायला लावते. तिने परातीत तांदळाचे पीठ पसरले, कार्ड उलटे ठेवले आणि पट्टीवरची सही बोटाने गिरवली. एकवीस दिवस. मग शेठकडे गेली. ते आजारी आहेत, मला पाठवलेय, असे त्याला सांगितले. शेठने पेन पुढे केले.

मला का कळवले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "काय कलवाचा व्हता? माणूस गावला नाय. गावला नाय तवर तो बराच हाय. तुला सांगून तू तिकरं रडला असतास, मी इकरं. त्यांनीच तुला सांगलेला ना, सही आली का मी बरा? मग मी सही केली."

माणूस बेपत्ता असेल तर आमच्याकडे दर्भाचा पुतळा करून विधी करतात. तो थोरल्या मुलाने करायचा. त्याच दिवशी बायकोच्या बांगड्या फुटतात. भावकीतले चौघे ओटीवर येऊन बसले. सगळ्यात वयस्क होते ते म्हणाले, "बाय, किती दिस असा बसवाचा त्याला? ना घरात, ना पान्यात." आई आतून म्हणाली, "तुमच्या घरात बसवलाय काय?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी रविवार, ३१ जानेवारी ही तारीख दिली. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

कार्ड मी आईकडून मागून घेतले. तिने देताना नावावरून एकदा बोटे फिरवली. मी ते सिंगापूरला आणून ऑफिसच्या टेबलाच्या खणात ठेवले. खणाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याजवळ असते. बँकेच्या पानावर पुरवणी कार्ड रद्द करण्याचे एक बटण आहे. ३१ तारखेनंतर ते दाबायचे, असे मी ठरवले होते.

गुरुवार, ७ जानेवारी १९९९. जेवणाच्या सुट्टीत सवयीने पान उघडले. पुरवणी कार्डाखाली एक ओळ होती. तारीख ४ जानेवारी. महिन्यातला पहिला सोमवार. दुकान वेगळे होते, गाव कल्याण.

मी खण उघडला. कार्ड आत होते.

बँकेकडे पावतीची प्रत मागितली. ती २० जानेवारीला मिळाली. दोर, ताडपत्री आणि नायलॉनचे सूत विकणारे कल्याणचे एक दुकान. खाली बाबांची सही. सहीखाली लांब रेघ, शेवटी वर गेलेली. आईने गिरवली ती पट्टीवरची सही होती. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या पावत्यांच्या प्रतीही मी मागवल्या होत्या. त्या दोन्हींवर रेघ नाही.

सुनील कल्याणला जाऊन आला. दुकानदाराने काही लपवले नाही. सप्टेंबरमध्ये बाबा त्याच्याकडे निळे सूत घ्यायला गेले होते. माल शिल्लक नव्हता. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुसरा हेलपाटा नको म्हणून तो कार्डाचा छाप आणि सही आधीच घेऊन ठेवतो आणि गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी देतो. चिठ्ठी घेऊन येईल त्याला माल मिळतो. पावतीवर तारीख त्या दिवशी पडते. त्यामुळे सही सप्टेंबरची आणि तारीख जानेवारीची. इथपर्यंत सगळे जुळते.

"पण माल नेला कोणी?" सुनीलने विचारले.

"गर्दी होती हो. चिठ्ठी बघितली, सूत दिलं, तारीख टाकली. तोंडं बघत बसायला मी काय पोलीस आहे?"

मी काकूंकडे फोन करून आईला बोलावले आणि चिठ्ठीबद्दल विचारले. तिला आठवत होते. बाबा ती कमरेच्या बटव्यात ठेवत. त्या रविवारी सकाळी त्यांनी तंबाखूसाठी बटवा सोडला तेव्हा तिने ती आत पाहिली होती. बटवा कमरेला बांधून ते होडीवर गेले. होडीत बटवा सापडला नव्हता. पोलिसांच्या पंचनाम्यातही त्याची नोंद नाही.

एवढे सांगून झाल्यावर आईने विचारले, "एकतीस तारखेचा काय?"

मी म्हणालो, थांबू.

ती म्हणाली, "बरा." आणि फोन ठेवला.

बाळकुम हे घर आहे, असे मी अर्जांवर अजून लिहितो. तिथला पत्ताही पाठ आहे. पण खरे सांगायचे तर घर म्हणजे माझ्यासाठी आता पडद्यावरची एक रिकामी जागा आहे, पुरवणी कार्डाच्या नावाखालची. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी मी ती पाहिली. मार्चच्याही. दोन्ही वेळा तिथे काही नव्हते. बटण मी दाबलेले नाही. आईच्या बांगड्या हातात आहेत. भावकीने विचारणे थांबवले आहे.

दुकानदार माल दिल्यावर चिठ्ठ्या तारेला लावून ठेवतो. सुनीलने बाबांची चिठ्ठी मागून घेतली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला कुरियरने पाठवली. ती काल मिळाली. बोटभर लांबीचा रेघी कागद आहे. त्यावर बाबांचे नाव, सुताचा रंग आणि वजन दुकानदाराच्या अक्षरात आहे. शाई पसरलेली आहे. कागद भिजून वाळलेला आहे. घडी उघडली तेव्हा आतून थोडे मीठ टेबलावर पडले.