चपलेची बुचं

माझे सासरे चन्नप्पा, म्हणजे आमचे अप्पा, यांची राखेवर अपार श्रद्धा. कपाळावरच्या भस्मावर आहेच, पण परळीच्या थर्मल वीजकेंद्रातून उडणाऱ्या राखेवर त्याहून जास्त. ही राख जगात कुठंही शिरू शकते असं ते मानतात. त्यामुळे आमच्या घरात उघडी वस्तू सापडत नाही. मिक्सरला झबलं, फ्रीजच्या मुठीला पायमोजा. मी लग्न होऊन आले त्या दिवशी फोन चार्जिंगला लावायला गेले, तर बोर्डाच्या भोकांत कापसाचे बोळे! मोंढ्यात पंचेचाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलेला माणूस. धूळ बसलेला पेला त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिला नाही, आणि तीच शिस्त आम्हाला लावली.

त्यांचा खरा जीव मात्र टीव्हीखालच्या एका काळ्या डब्यात होता. बारा वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची गाडी परळीत आली होती. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मल्लम्मा अव्वांनी, कॅमेऱ्यासमोर शेंगापोळ्या केल्या. कार्यक्रम लागायच्या वेळी त्या माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी लातूरला होत्या. म्हणून अप्पांनी मुद्दाम रेकॉर्डिंग होणारा डबा घेतला. अव्वा परत आल्या आणि म्हणाल्या, "माझंच थोबाड म्या कावून बघू?" बारा वर्षांत एकदाही बघितलं नाही. अप्पा मात्र दर सोमवारी, अव्वा देवळात गेल्या की, दार लोटून ती चार मिनिटं बघायचे. रिचार्ज संपला तर रेकॉर्डिंग उघडत नाही असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी तो एक दिवससुद्धा चुकू दिला नाही.

गेल्या महिन्यात जुना टीव्ही कायमचा बंद पडला. माझे यजमान अमरनाथ यांनी मोठा, पातळ टीव्ही आणला. जुन्या डब्याला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी आणि नव्या टीव्हीला असली रंगीत भोकंच नाहीत! अप्पांचा सोमवार चुकला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. उपवास आहे म्हणाले, पण सोमवारच्या उपवासाला रात्री जेवतात हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते नवा रेकॉर्डर बघायला निघाले. दुकानात त्यांनी प्रत्येक डबा हातात घेऊन बोटानं ठोकला, कानाशी नेला. पितळेचा हंडा घेताना ठोकतात तसा. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघितलं.

"अप्पा, हा न्या. पाचशे तास मावतेत याच्यात," दुकानदार म्हणाला.

"जुन्यातली चार मिन्टं येतेत का याच्यात?"

"न्हाई. जुनं ते जुन्या डब्यातच चालतंय."

"मग पाचशे तास घेऊन काय करू मी?"

तीन दुकानं झाली. तिन्हीकडे हाच प्रश्न, हेच उत्तर. चौथ्या ठिकाणी अंगद नावाचा मेकॅनिक भेटला. तो म्हणाला, नवा डबा घेऊच नका, कन्व्हर्टर लावतो. म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. एका बाजूनं तीन वायरी आत, दुसऱ्या बाजूनं एकच वायर टीव्हीच्या एचडीएमआयच्या भोकात. अप्पांनी ती डबीसुद्धा ठोकून घेतली.

संध्याकाळी अंगद घरी आला. टीव्हीच्या मागं शिरला आणि बराच वेळ बाहेरच येईना. मग घाम पुसत म्हणाला, "याला भोकच न्हाई, अप्पा. कंपनीतूनच सगळी बंद हायती. असला टीव्ही म्या पहिल्यांदाच बघितला."

अप्पांचा पारा चढला. त्यांनी टीव्हीवाल्या दुकानदाराला फोन लावला. "काय बे, बिनभोकाचा टीव्ही गळ्यात मारतो व्हय? म्या पंचेचाळीस वर्षं भांडी विकली, बुडाला भोक पडलेलं भांडं कधी दिलं न्हाई, आन् तू..." इथं त्यांचं त्यांनाच उदाहरण उलटं पडल्यासारखं वाटलं असावं. ते थांबले. पलीकडचा बिचारा शपथा घेत होता.

तेवढ्यात अव्वा आतून आल्या. हातात अप्पांची जुनी काळी रबरी चप्पल होती. टाचेतून चौकोनी, बारीक तुकडे कापलेले, अगदी नीट मापात.

"अहो, ही तुमीच कापली न्हवं? टीव्ही आला त्या राती?"

अप्पांनी फोन ठेवला.

टीव्ही आल्याबरोबर, राख जाऊ नये म्हणून, या माणसानं त्याच्या प्रत्येक भोकाला चपलेची बुचं बसवली होती! इतकी बेमालूम, की मेकॅनिक फसला. आणि बसवून स्वतः साफ विसरले होते. अंगदनं टीव्हीची पिन काढली. अव्वांनी अंबाड्यातला आकडा काढून दिला आणि त्यानं एकेक बूच अलगद उपसलं. मी हसून हसून खाली बसले.

अंगदनं डबी जोडून पिन परत लावली आणि चित्र आलं. अव्वा स्वयंपाकघराकडे वळल्या, पण मी त्यांचा पदर धरला. नव्या पडद्यावर बारा वर्षांपूर्वीच्या अव्वा जरा धूसर दिसत होत्या. हिरवं इरकल, हातात लाटणं. पोळी तव्यावर टम्म फुगली. तेव्हा निवेदिकेनं विचारलं, "घरात सगळ्यात जास्त कुणाला आवडते?"

पडद्यावरच्या अव्वा हसल्या. "ह्यांनाच. चार-चार खातेत. पण पस्तीस वर्षं झाली, चांगली झाली म्हनून एकदा बी म्हनले न्हाईत."

रेकॉर्डिंग संपलं. मला एकदम अप्पांचे सगळे सोमवार कळले. बारा वर्षं हा माणूस दार लोटून तेवढं एक वाक्य ऐकत होता आणि तरी उत्तर देत नव्हता. मला रागही आला आणि भरूनही आलं. अंगद उगाच वायरी गुंडाळत राहिला.

अव्वा अप्पांकडे बघत होत्या. अप्पा चपलेकडे.

"चांगली झालती," अप्पा म्हणाले.

"त्या दिवशीची?"

"सगळ्याच. लई चांगल्या."

अव्वांनी पदरानं नाक पुसलं. मग माझ्याकडे वळल्या. "प्रणिता, हे कुणी रेकॉर्ड केलं का गं?"

कुणीच केलं नव्हतं. मी फोन काढला, समोर धरला, आणि अप्पांना ते पुन्हा म्हणावं लागलं.